कामकरी महिलांचं प्रमाण २३ वरून ४२ टक्क्यांवर गेलं. पण पगार किती जणींच्या हातात आला?

'तुम्ही काय काम करता?' असं सर्वेक्षणाला आलेल्या माणसाने दारात विचारलं की गावाकडच्या कितीतरी घरांतून एकच उत्तर येतं: 'काही नाही, घरीच असते.' हे उत्तर देणारी बाई त्या दिवशी पहाटे म्हशीची धार काढून, डेअरीला दूध घालून, दुपारपर्यंत कांद्यात खुरपून आलेली असू शकते. तिला स्वतःला ते 'काम' वाटत नाही, घरच्यांना तर नाहीच. सर्वेक्षण करणाऱ्याने पुढचे चार प्रश्न विचारले तर तिची नोंद 'कामकरी' अशी होते. नाही विचारले, तर ती 'घरकाम करणारी' ठरते आणि देशाच्या श्रमशक्तीच्या हिशेबातून बाहेर जाते.

भारतातल्या महिलांच्या रोजगाराबद्दल सोशल मीडियावर फिरणारा प्रत्येक आलेख अशा लाखो उत्तरांवर उभा असतो. त्यातला सध्या सर्वाधिक फिरणारा आकडा असा: १५ वर्षांवरील महिलांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर पोचला. सहा वर्षांत जवळपास दुप्पट. याच काळात पुरुषांचा दर ७५.८ वरून ७८.८ वर गेला, म्हणजे फारसा हलला नाही. सरकारी बाजू हा आकडा यश म्हणून दाखवते, विरोधक त्याला हलाखीचा पुरावा म्हणतात. मग या आकड्यात खरं काय दडलंय?

'सहभाग' म्हणजे नेमकं काय?

केंद्राचं सांख्यिकी खातं २०१७ पासून 'नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण' करतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'पीएलएफएस' म्हणतात. श्रमशक्तीत दोन प्रकारची माणसं येतात: जे काम करतात ते आणि जे काम शोधतात ते. शिकणारी मुलं, निवृत्त झालेले आणि फक्त घरकाम करणाऱ्या गृहिणी त्यात येत नाहीत.

इथे एक बारकावा आहे. वर दिलेला ४१.७ टक्क्यांचा आकडा 'नेहमीच्या स्थिती'चा आहे. त्यात वर्षातला बराचसा काळ काम करणाऱ्या बाईबरोबरच वर्षभरात फक्त ३० दिवस जोडकाम केलेली बाईही मोजली जाते. शिवाय काम म्हणजे पैसे मिळालेच पाहिजेत असंही नाही. घरच्या शेतात किंवा नवऱ्याच्या किराणा दुकानात बिनपगारी हात लावणारी बाई 'घरच्या व्यवसायातली मदतनीस' म्हणून रोजगारात धरली जाते. हे बरोबरच आहे, कारण तिच्या श्रमाशिवाय ते शेत किंवा दुकान चालणार नसतं.

पण रेषा कुठे ओढली आहे ते पाहा. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलं, म्हातारी माणसं हे श्रमशक्तीबाहेर. रानातून सरपण आणणं, जनावरांसाठी गवत गोळा करणं, घरच्यांसाठी शिवणकाम करणं यासाठी सर्वेक्षणात ९३ क्रमांकाचा वेगळा संकेतांक आहे, आणि तोही श्रमशक्तीबाहेरच. म्हणजे बाईने गवताचा भारा डोक्यावर आणला तर ते काम नव्हे, तोच चारा खाऊन म्हशीने दिलेलं दूध विकलं तर ते काम. एकाच दिवसात एकच बाई या रेषेच्या अलीकडे-पलीकडे चार वेळा ये-जा करते. त्यामुळे प्रश्न किती नेटाने विचारले, यावर आकडा काही प्रमाणात हलतोच. अलीकडच्या वाढीचा काही भाग महिलांच्या कामाची नोंद आधीपेक्षा नीट होऊ लागल्याने दिसतो, असं काही अर्थतज्ज्ञ म्हणतात.

आलेख कुठून सुरू होतो?

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या वर्षाची. २०१७-१८ पासूनचा आलेख काढला तर रेघ वरवर चढत जाते. थोडं मागे गेलं की चित्र बदलतं. पीएलएफएसच्या आधी दर काही वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २००४-०५ मध्ये हाच दर ४२.७ टक्के होता. २०११-१२ मध्ये तो ३१.२ वर आला आणि २०१७-१८ मध्ये २३.३ वर. दोन्ही पाहण्यांची पद्धत हुबेहूब सारखी नाही, त्यामुळे दशांशाची तुलना करण्यात अर्थ नाही. पण ढोबळ गोष्ट स्पष्ट आहे: २०२३-२४ मध्ये महिला जिथे पोचल्या, साधारण तिथेच त्या वीस वर्षांपूर्वी होत्या. मधल्या काळात एक खोल खड्डा पडला आणि नंतर तो भरला.

म्हणजे प्रश्न दोन झाले. खड्डा का पडला? आणि तो कशाने भरला?

खड्डा पडला तेव्हा देशाची अर्थव्यवस्था जोरात वाढत होती. मुली शिकत होत्या, जन्मदर घसरत होता. जगाच्या अनुभवाप्रमाणे अशा वेळी महिला मोठ्या संख्येने नोकरीत यायला हव्यात. इथे उलटं घडलं.

यामागची एक गोष्ट चांगली आहे. १५ ते २४ वयाच्या मुली शेतमजुरी सोडून शाळा-कॉलेजात गेल्या, त्यामुळे तेवढी घट आपोआप दिसली. उच्च शिक्षणातल्या नोंदणीत तर मुलींनी मुलांना गाठलं: २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत मुलींचं प्रमाण २८.५ आणि मुलांचं २८.३ टक्के होतं. पण घट फक्त शिकत्या वयात झाली नाही. तिशी-चाळिशीतल्या ग्रामीण बायकाही कामातून बाहेर पडल्या.

त्याचं एक कारण शेतात सापडतं. ट्रॅक्टर आला, नांगरट खोल होऊ लागली, त्यामुळे तण कमी उगवू लागलं. तण कमी म्हणजे खुरपणी कमी, आणि खुरपणी हे परंपरेने बायकांचं काम. अर्थतज्ज्ञ फरझाना आफ्रिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ते २०११ या काळाचा अभ्यास करून दाखवलं, की यंत्राने होणाऱ्या मशागतीच्या वाढीमुळे शेतातला महिलांचा श्रम २२ टक्क्यांहून अधिक घटला. पुरुषांवर तसा परिणाम झाला नाही. यंत्र पुरुषाच्या हातातल्या कामासाठी आलं आणि रोजगार बाईचा गेला.

शेतातून बाहेर पडलेल्या पुरुषाला बांधकामावर, ट्रकवर, शहरात काहीतरी काम मिळालं. बाईला गावापासून सायकलच्या अंतरावर काही मिळालं नाही. दुपारी परत येऊन चूल पेटवायची असेल तर चाळीस किलोमीटरवरच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी तिच्यासाठी असून नसल्यासारखीच.

आणि मग येते प्रतिष्ठा. घरात थोडा पैसा आला की बाईने मजुरी सोडायची, हे आपल्याकडे घर वर आल्याचं लक्षण मानलं जातं. 'आमच्या घरच्या बायका कामाला जात नाहीत' हे वाक्य तक्रारीच्या नव्हे, मिरवण्याच्या सुरात बोललं जातं. जातीच्या उतरंडीत वरच्या समजल्या जाणाऱ्या घरांत ही पद्धत जुनी आहे आणि वर सरकू पाहणाऱ्या घरांनी ती उचलली. त्यातून एक विचित्र चित्र तयार होतं: भारतात अगदीच न शिकलेल्या आणि पदवीपुढे शिकलेल्या महिला कामात जास्त, आणि दहावी-बारावी झालेल्या सर्वांत कमी. न शिकलेलीला पर्याय नसतो. खूप शिकलेलीला तिच्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळू शकते. मधलीला मजुरी 'शोभत' नाही आणि टेबलाची नोकरी मिळत नाही.

२०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदींतून हाच आकार मांडला होता: देश शेतीकडून उद्योगाकडे जाताना महिलांचा सहभाग आधी घसरतो आणि सेवाक्षेत्र व शिक्षण वाढल्यावर पुन्हा चढतो. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी ती रेघ असते. भारत त्या 'यू'च्या तळातून वर येतोय, असा युक्तिवाद त्यामुळे केला जातो. पण गोल्डिन यांच्या मांडणीत चढती बाजू पगारी, स्वच्छ, कार्यालयीन नोकऱ्यांनी घडते. इथे तसं झालंय का?

वाढलेल्या अठरा जणी कुठे गेल्या?

पीएलएफएसचेच आकडे घेऊन एक साधा हिशेब करता येतो. २०१७-१८ मध्ये दर शंभर प्रौढ महिलांमागे २२ प्रत्यक्ष काम करत होत्या, २०२३-२४ मध्ये ४०. म्हणजे शंभरांत १८ जणी वाढल्या. आता कामाच्या प्रकारानुसार वाटणी पाहू.

काम करणाऱ्या महिलांत स्वयंरोजगाराचं प्रमाण ५१.९ वरून ६७.४ टक्के झालं. नियमित पगाराचं प्रमाण २१ वरून १५.९ टक्क्यांवर घसरलं आणि रोजंदारीचं २७ वरून १६.७ वर. हे प्रमाण पाहून काही जण 'पगारी नोकऱ्या गेल्या' असं लिहितात. ते चूक आहे, कारण एकूण संख्याच मोठी झाली आहे. शंभर प्रौढ महिलांच्या हिशेबात पाहिलं तर पगारी नोकरी असलेल्या साधारण साडेचार होत्या, त्या साडेसहाच्या आसपास गेल्या. म्हणजे सुमारे दोन वाढल्या. रोजंदारीवर एखादीच वाढली. उरलेल्या पंधरा-सोळा जणी स्वयंरोजगारात आल्या, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या म्हणजे घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्या.

वाढ कुठे झाली तेही बोलकं आहे. ग्रामीण महिलांचा सहभाग २४.६ वरून ४७.६ टक्क्यांवर गेला, शहरी महिलांचा २०.४ वरून २८ वर. शेतीत काम करणाऱ्या महिलांचं प्रमाण या काळात कमी व्हायला हवं होतं; ते ५७ वरून ६४ टक्क्यांवर चढलं. स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांची सरासरी कमाई तशाच पुरुषांच्या निम्मीही नाही.

यातून 'ही सगळी वाढ नाइलाजाची' असा निष्कर्ष काढायचा का? तोही घाईचा ठरेल. वाढीचा एक मोठा टप्पा २०१९-२० मध्ये, २४.५ वरून ३० टक्क्यांपर्यंत, आला. त्या वर्षाचे शेवटचे महिने टाळेबंदीचे होते. पुरुषांची कमाई आटली की बायका हातभार लावायला बाहेर पडतात, हे जुनंच आहे. पण नुसती हलाखीच असती तर अर्थव्यवस्था सावरल्यावर दर खाली यायला हवा होता. तो चढतच राहिला. बचत गटांचं जाळं या काळात जवळपास दहा कोटी महिलांपर्यंत पोचलं, त्यातून शेळ्या, कोंबड्या, शिवणयंत्र, पापड-मसाल्याचे छोटे धंदे उभे राहिले. गॅस आणि नळाचं पाणी आल्याने वेळ वाचला, हेही सरकारचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. दुसरीकडे, शेती सोडून गेलेल्या पुरुषांच्या मागे जमीन कसायला बाईच उरली, हेही तितकंच खरं. या सगळ्यांची सरमिसळ एका आकड्यात झाली आहे, आणि म्हणूनच तो प्रत्येकाला हवा तसा वाचता येतो.

घड्याळ कुणाचं?

आता त्या पगारी नोकऱ्यांकडे वळू, ज्या शंभरांत साडेसहाच जणींना आहेत. जागाच कमी असणं हे पहिलं कारण. अशोका विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे यांनी जितेंद्र सिंह यांच्यासोबत एकाच महिलेची माहिती पुन्हा पुन्हा घेणाऱ्या पाहणीचा अभ्यास केला. त्यात दिसलं की बायका एकदा काम सोडून कायमच्या घरी बसत नाहीत. त्या काम मिळालं की येतात, संपलं की बाहेर पडतात, पुन्हा येतात. म्हणजे 'बायकांना कामच करायचं नाही' हा समज टिकत नाही. टिकाऊ काम मिळत नाही, ही अडचण मोठी आहे.

पण जागा असली तरी घड्याळ आडवं येतं. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. पुरुष ८८ मिनिटं. हे ८८ वाचून कुणी खूश होण्याआधी एक खुलासा: ही फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे आणि कोणत्याही दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरांत २७ आहेत. महिलांत हे प्रमाण ८१ आहे. मुलांची आणि आजारी-म्हाताऱ्या माणसांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी. २०१९ च्या पाहणीत महिलांचा आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली.

म्हणून नोकरी सुटण्याचा मुहूर्त बाळंतपणाच्या आधीच येतो. जागतिक बँकेने २०२४ मध्ये दक्षिण आशियाबद्दल काढलेल्या अहवालात म्हटलं, की भारतात लग्नानंतर महिलांचा रोजगार सुमारे १२ टक्के-बिंदूंनी घसरतो, मूल नसलं तरीही. पुरुषांचा लग्नानंतर वाढतो. 'प्यू' या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत तर दहापैकी आठ भारतीयांनी, नोकऱ्या कमी असतील तर पुरुषांचा हक्क आधी, या विधानाला होकार दिला होता. त्या आठांत बायकाही मोठ्या संख्येने होत्या.

मनं बदलायला पिढ्या लागतात, असं यावर म्हटलं जातं. दोन प्रयोग मात्र वेगळं सांगतात. रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर भारतातल्या काही गावांत तीन वर्षं कॉल सेंटर क्षेत्रातले भरती करणारे लोक पाठवले. मुलींसाठी नोकऱ्या आहेत, त्या अशा मिळतात, एवढीच माहिती त्यांनी दिली. त्या गावांतल्या तरुण मुलींची लग्नं लांबली, त्या जास्त शिकल्या, कामाला लागल्या. लहान मुलींची शाळेतली हजेरी आणि तब्येतही सुधारली. कुणी प्रबोधनाचं भाषण केलं नव्हतं. दुसरा प्रयोग मध्य प्रदेशातला: मनरेगाची मजुरी नवऱ्याच्या नव्हे तर बाईच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा केली आणि खातं कसं वापरायचं ते शिकवलं. त्यानंतर बायकांचं काम वाढलं, मनरेगावरचं आणि बाहेरचंही. नवऱ्याचा विरोध असलेल्या घरांत परिणाम अधिक ठळक होता.

मनरेगाचा उल्लेख आला म्हणून थोडं महाराष्ट्राकडे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने इथे रोजगार हमी योजना सुरू झाली आणि २००५ चा देशव्यापी कायदा तिच्याच धर्तीवर आला. या कामांवर बायका नेहमीच मोठ्या संख्येने दिसल्या. देशभरात मनरेगाच्या एकूण मनुष्यदिवसांत निम्म्याहून अधिक वाटा महिलांचा राहिला, आणि 'मनुष्यदिवस' हा शब्द तेवढ्यापुरता थोडा विनोदी वाटतो. कारणं साधी आहेत: काम घराजवळ, पाच किलोमीटरच्या आत. पुरुषाइतकीच मजुरी. ओळखीच्या बायका सोबत. सहा वर्षांखालची पाच मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक. खासगी क्षेत्रात नोकरीच्या जाहिरातीत या चार गोष्टी एकत्र क्वचितच सापडतात.

घरापासून कामापर्यंतचा रस्ता

अंतराची अडचण फक्त किलोमीटरची नसते. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींवर गिरिजा बोरकर यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की वाटेत छेडछाड कमी व्हावी म्हणून मुली चांगलं कॉलेज सोडून दुय्यम कॉलेज निवडतात. मुलं तसं करत नाहीत. आयुष्यभराच्या कमाईवर याचा परिणाम होतो आणि तो कुठल्याही रोजगार पाहणीत दिसत नाही.

उलट उदाहरणही आहे. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले आणि माध्यमिक शाळेतली त्यांची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. शाळा दूर असलेल्या गावांत फायदा जास्त झाला. मुंबईत चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल लोकल १९९२ मध्ये धावली. मुंबईतली नोकरदार बाई या शहराने लोकलच्या जोरावर घडवली, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. दिल्ली, तामिळनाडू, कर्नाटकात ठरावीक बस मोफत आहेत. या योजनांना 'फुकटेगिरी' म्हणून हिणवणाऱ्या पोस्ट रोज दिसतात. महिना दहा-बारा हजारांची नोकरी करणाऱ्या बाईसाठी रोजचं तिकीट हा 'नोकरी परवडते का' याचा हिशेब असतो, हे त्या पोस्टमध्ये नसतं.

'लाडकी बहीण'चे पंधराशे रुपये मिळू लागल्यापासून शेतात बायका येत नाहीत, ही तक्रारही ऐकू येते. महिन्याला १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेवढ्यावर एखादी बाई रोज कामाला जाणं सोडत असेल, तर तिला मिळणाऱ्या मजुरीबद्दलच प्रश्न विचारायला हवा. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या योजना तपासल्या, तेव्हा पैसे मिळाल्याने माणसं काम सोडतात असा पुरावा त्यांना सापडला नव्हता.

बाळंतपणाचा खर्च कुणी करायचा?

मुंबई प्रांताच्या विधिमंडळात १९२८ मध्ये गिरण्यांतल्या कामगार बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, पण म्हणून मालक पूर्ण सुटत नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला. पण खर्च मालकावरच राहिला आणि पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या. रात्रपाळीची बंदी, यंत्रं, पाळ्यांची पद्धत अशी त्याची इतरही कारणं होती, पण बाई 'महाग' पडते हा हिशेब त्यांत होताच.

जवळपास नव्वद वर्षांनी, २०१७ मध्ये, देशाने पगारी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची केली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं. जगाच्या तुलनेत ही रजा उदार आहे. पण पूर्ण खर्च पुन्हा मालकावर, आणि वडिलांसाठी खासगी क्षेत्रात कायद्याने एकही दिवस नाही. मुलाखतीत 'लग्न कधी करणार?' हा प्रश्न मुलींनाच का विचारला जातो, त्याचं उत्तर या हिशेबात आहे. शिवाय हा कायदा पोचतो तो पगारी नोकरी असलेल्या मोजक्या जणींपर्यंत. शेतात राबणाऱ्या, घरी शिवणकाम करणाऱ्या बाईला त्यातलं काही लागू नाही.

तो अजिबात लागू नसेल तर काय होतं, हे बीड जिल्ह्याने दाखवलं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरली जाते. मुकादमाकडून उचल घेतली की हंगामभर तोड करून ती फेडायची. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत रजा नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही. २०१९ मध्ये या बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. रोजगाराच्या आलेखात या बायका 'सहभाग' वाढवणाऱ्या आहेत.

तामिळनाडूत वेगळं काय आहे?

देशभरातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या महिलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक एकट्या तामिळनाडूत आहेत. तिथल्या मुली सगळ्याच धाडसी आणि इतर राज्यांतल्या घाबरट, असं काही नाही. तिथे मुलींच्या शिक्षणावर आणि शाळेतल्या जेवणावर कित्येक दशकं खर्च झाला, कापड आणि पादत्राणांपासून मोबाइल जोडणीपर्यंत माणसं लागणारे उद्योग आले, कारखान्यांच्या बस गावोगाव फिरू लागल्या. नोकरदार महिलांसाठी राज्य सरकारने 'तोळी' नावाची वसतिगृहं बांधली. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात २०२४ मध्ये १८ हजारांहून अधिक महिला कामगार राहू शकतील असं एकच निवासी संकुल उघडलं. अर्थात या वसतिगृहांत बहुतेक अविवाहित तरुणीच दिसतात. लग्न झालेल्या बाईला मुलांसह राहता येईल असं घर कारखान्याजवळ नाही, आणि तिशी ओलांडली की त्या परत गावी जातात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने महिलांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम करायला मनाई होती. काही राज्यांनी ती आधीच सैल केली होती. आता महिलेची संमती असेल आणि सुरक्षेच्या अटी पाळल्या तर सर्वत्र रात्रपाळी करता येईल. म्हणजे तिला पाळी निवडता येईल, पण रात्री अकराला सुटल्यावर फाट्यापासून घरापर्यंतच्या अडीच किलोमीटरच्या अंधाऱ्या रस्त्याचं काय, हे त्या-त्या राज्याच्या नियमांत काय लिहिलं जातं आणि कारखान्याची गाडी फाट्यावर थांबते की दारापर्यंत येते, यावर ठरेल.